महाशिवरात्रीचे दोन फोटो

(लातूर, दुपारचे दोन. डोळ्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात स्वप्नाली, मांडीवर लॅपटॉप, फोन स्पीकरवर. शेजारी सासू कमलम्मा, तिच्या कुशीत आठ आठवड्यांची अक्षरा. फोनवर उमाशंकर, नांदेडच्या एका छोट्या क्लिनिकमधल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर.)

उमाशंकर : पुन्हा अडकलं, ताई.

स्वप्नाली : काय म्हणतंय ते वाचा. शेवटच्या चार ओळी.

उमाशंकर : कंपायलर जुना हाय म्हणते. नवा आणा म्हणते.

स्वप्नाली : कोडपासून प्रोग्राम बांधणारा नवा कंपायलर त्या मशीनवर बसणार नाही. थांबा, लायब्ररीचीच जुनी आवृत्ती शोधते. मशीन कितीचं आहे?

उमाशंकर : क्यामेऱ्यासंगच आलतं. दोन हजार धाचं असंल. लिनक्सबी तवाचंच.

कमलम्मा : स्वप्ना, डॉक्टर साडेतीनला हैद्राबादला निघतेत. ती नर्स दोनदा येऊन बघून गेली.

स्वप्नाली : माहीत आहे, आत्या.

कमलम्मा : मग अक्षराच्या डोळ्याचे ते फोटो फोनवर पाठव म्हणावं की त्याला. लोक लग्नाचे दोन-दोनशे पाठवतेत.

स्वप्नाली : पाठवलेत त्यांनी सकाळीच. उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या कंपनीनं ते स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेत. पेटी उघडतो त्या मशीनवरचा प्रोग्राम. आणि प्रोग्रामला चित्र दाखवायला जी लायब्ररी लागते, ती उमाशंकरभाऊंनी पुसून टाकली.

उमाशंकर : डिस्क भरली होती ना, ताई. पेशंटचे फोटो पुसू काय? ज्याचं नाव कळंना ते पुसलं.

कमलम्मा : अय्यो! नाव कळंना म्हणून पुसलं? घरात असंच करतूस का रं?

स्वप्नाली : आत्या, त्यांना नका बोलू. त्यांच्याशिवाय आपलं आता कुणीच नाही. उमाशंकरभाऊ, जुनी लायब्ररी मेल केलीय बघा. पेनड्राइव्हवर घेऊन त्या मशीनला लावा. दोन हजार सतराची आहे ही.

उमाशंकर : लावतो. पण ताई, तयार मिळत न्हाई का हे? असं क्लिक केलं की बसतंय, तसं?

स्वप्नाली : इतक्या जुन्या मशीनसाठी आता कुणी तयार ठेवत नाही. फुकट आहे, कुणीही घ्या, पण घ्यायचा तो कच्चा शिधा. रांधायचं तिथंच, त्याच चुलीवर. मी मघाशी लिहून दिलंय तसं टाइप करा. एक अक्षर इकडचं तिकडं नको.

उमाशंकर : करून राहिलो... आता म्हणते, जेपेग न्हाई.

स्वप्नाली : ती चित्रांची छोटी लायब्ररी, ती आधी लागते. मेलमध्ये दुसरी फाइल आहे, ती आधी बांधा. मग ही.

कमलम्मा : तुला डॉक्टर नेमकं काय बोलले ते मला एकदा नीट सांग. आत इंग्रजीत बोलले.

स्वप्नाली : आपली अक्षरा तिसाव्या आठवड्यात झाली. डोळ्याच्या पडद्यावरच्या नसा पुऱ्या वाढल्याच नव्हत्या. तिथं एक रेघ उमटलीय. आज ती मध्यम आहे. रेघ आधी जाड असून आता उतरत असेल, तर थांबायचं, आपोआप जाईल. वाढत असेल, तर आजच्या आज लेझर. उशीर झाला तर पडदा सुटतो.

कमलम्मा : सुटला म्हणजे?

स्वप्नाली : दिसणार नाही तिला.

कमलम्मा : आणि लेझरला भूल लागती.

स्वप्नाली : हो.

कमलम्मा : एक किलो सातशे ग्रॅम हाय ही. शेजारच्या सिंधूचा पोरगा नऊ किलोचा होता. भुलीतून उठला न्हाई.

स्वप्नाली : म्हणूनच डॉक्टरांनाही भूल उगीच द्यायची नाही. म्हणून तर आधीचे दोन फोटो हवेत. नांदेडचे डॉक्टर सर मुलाकडं परदेशात गेले, फोन लागत नाही. कागदावर नुसतं 'पुन्हा दाखवा' लिहिलंय, दोन्ही वेळा.

उमाशंकर : ताई! जेपेग झालं. पण मोठीला लावलं की लगेच थांबते. म्हणते, आत्ता बनवलेली फाइल आणलेल्या फाइलींपेक्षा जुनी हाय. घड्याळ तपासा.

स्वप्नाली : घड्याळ? असं कसं? आत्ता बनवलेली जुनी कशी असेल? तिथं तारीख काय आहे, भाऊ?

उमाशंकर : तारखेचं काय करता, ताई?

स्वप्नाली : भाऊ, तारीख.

उमाशंकर : धा मार्च, दोन हजार तेरा.

स्वप्नाली : बॅटरी गेलीय का?

उमाशंकर : न्हाई. म्याच लावतो. प्रोग्रामचा परवाना त्याच वर्षी संपला, कंपनीबी बुडाली. तारीख मागं नेली की चालतो. रोज सकाळी दवाखाना झाडला, उदबत्ती लावली की तारीख लावतो. सरांनी सांगितलं होतं, कोणतीबी लाव. मी म्हणलं, कोणतीबी कशाला, महाशिवरात्र लावावी.

कमलम्मा : त्या दिवशी होती खरी.

स्वप्नाली : आजची तारीख लावा. आत्ता. लायब्ररी बांधून झाली की पुन्हा मागं न्या, मगच प्रोग्राम उघडा.

उमाशंकर : हाव. लावली... चाललं. ताई, लई ओळी पळाल्यात!

स्वप्नाली : पळू द्या. हात लावू नका.

कमलम्मा : पावणेतीन झाले.

स्वप्नाली : दूध पाजू का हिला?

कमलम्मा : नगं. भुलीचं ठरलं तर पोट रिकामं लागतं म्हणली नर्स. चोखू दे माझं बोट.

उमाशंकर : झालं! आता बसवायचं ना? बसवलं... तारीख मागं नेली... प्रोग्राम उघडला. न्हाई ताई. लायब्ररी सापडत न्हाई म्हणते.

स्वप्नाली : अहो, आहे ती तिथं! मशीनला सांगायचं राहिलं कुठं ठेवलीय ते. टाइप करा, एल डी कॉन्फिग. सगळं जोडून, लहान अक्षरात. रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य पासवर्डनं.

उमाशंकर : थांबा... ताई. ताई, उघडलं. डोळा दिसून राहिला. लाल, गोल. नाव अक्षरा अमरनाथ. फोटो घेऊन धाडतो.

स्वप्नाली : आले. आत्या, आले! हा एक... आणि हा.

कमलम्मा : ह्यात काय बघायचं?

स्वप्नाली : ही रेघ. इथं बारीक आहे. आणि या दुसऱ्यात जाड. दोरीसारखी. भाऊ, यातला पहिला कोणता?

उमाशंकर : तारीख... दोन्हीवर महाशिवरात्रच हाय की, ताई.

स्वप्नाली : देवा.

उमाशंकर : मला काय ठाऊक, असं कधी कुणी विचारलं न्हाई.

स्वप्नाली : अहो, बारीक आधी आणि जाड नंतर असेल तर आज उतरलीय. जाड आधी आणि बारीक नंतर असेल, तर आज पुन्हा वाढायला लागलीय. सगळं उलटं होतं! वेळ? वेळ आहे का फोटोवर? वेळ तरी खरी असते ना?

उमाशंकर : वेळेला हात लावत न्हाई मी, शप्पथ. नुसती तारीख. बारीक रेघवाला अकरा धाचा. जाडवाला तीन वीसचा.

कमलम्मा : सकाळचा आधी. बारीक आधी. म्हणजे उतरली. चल, सांग डॉक्टरला, घरी जाऊ.

स्वप्नाली : ते वेगवेगळ्या दिवसांचे आहेत, आत्या.

कमलम्मा : मग कुणाला काय ठाऊक? बारीक आधी म्हण.

स्वप्नाली : मला ठाऊक आहे. पहिल्या खेपेला मी माहेरी मुदखेडला होते. गाडी उशिरा आली. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ डबा खात होते, भेंडीची भाजी. हिला भूक लागली होती आणि मी भाऊंकडं बघत होते, केव्हा झाकण लावतात म्हणून.

उमाशंकर : हाव. तुम्ही दारातच उभ्या होत्या. मी म्हणलं, बसा.

स्वप्नाली : आणि दुसऱ्या खेपेला?

उमाशंकर : झाडून नुकतं झालं होतं. तुम्हीच पहिल्या आलत्या. म्हणजे सकाळचा टाइम.

स्वप्नाली : म्हणजे दुपारचा पहिला. जाड आधी.

कमलम्मा : स्वप्ना, ऐक माझं. भेंडी आठवती म्हणून एवढ्याशा जिवाला...

स्वप्नाली : द्या तिला माझ्याकडं, आत्या.

कमलम्मा : हिचा बाप तरी येऊ दे.

स्वप्नाली : ते अजून औशाच्या पलीकडं आहेत, तासभर लागेल. डॉक्टर थांबणार नाहीत. द्या. सही मीच करते. फोन धरा.

उमाशंकर : हॅलो? ताई?

कमलम्मा : ती गेली आत. डॉक्टरनं दोन्ही फोटो बघितले, दारातनं दिसालंय मला. दारावरची 'ऑपरेशन चालू'ची पाटी फिरवली. आत न्यायलेत लेकराला.

उमाशंकर : लेझर?

कमलम्मा : हं.

उमाशंकर : आजी, मी हितंच बसतो. दुसरं काय लागलं तर सांगा.

कमलम्मा : स्वप्ना रडंना बी. उगी उभी हाय भिंतीला... उमाशंकर, मी जन्मभर त्या दिवशी उपास धरत आले. एक सांग. तुझ्या त्या महाशिवरात्रीला आणिक किती लेकरं हायत?

उमाशंकर : सगळीच, आजी.