पाचट न जाळणाऱ्याचं नाव कापलं

चहा वततोयस तंवर ऐक. आमच्या इंदापूरकडं परदेशी कंपनीचा गोरा साहेब आला. ऊस तुटल्यावर रानात उरलेला वाळका पाला, म्हंजी पाचट, जाळायचं थांबवलं की जेवढा धूर वाचंल तेवढं पैसं कंपनी देणार, सरकारनंच तिला बोलावलेली. दर साली पाचट पेटवणाऱ्या शेजारच्या तात्याचं नाव लगेच यादीत बसलं. माझं कापलं.

साहेबासंगं आलेल्या दुभाष्याला इचारलं, "का रं बाबा?"

"आबा, तुम्ही आधीपासूनच पाचट कुजवता. तुमचा धूर कमी कसा होणार?"

"म्हंजी इतकी वर्सं शाण्यावानी वागलो, ही माझी चूक? मग यंदा पेटवतो, पुढच्या साली थांबतो. चालंल का इचार."

दुभाष्यानं भीतभीत सांगितलं. साहेब खो खो हसला, हात जोडले आन दुभाष्याकरवी म्हणाला, "आबा, नका पेटवू."

"आरं, त्याचंच तर पैसं मागतोय!"

न्हाय मिळालं. पण पाचट कुजवायचं कसं, ते तात्याला कुठं ठाऊक? साहेबानं त्याला माझ्याकडंच शिकाया धाडलं. पैसं त्याला मिळू दे. बांधावर उभा राहून तात्या मला आता "गुरुजी" म्हणतो. चौथीतनं पळालेल्या माणसाला आजून काय पायजे?