गेलो की जायचो

इंग्रजी अमलात मी एकदाच कचेरीत साक्ष दिली, आणि तीही एका शब्दावर अडली. शेळगावची माझी शेवंताआत्या शेजारच्या बाबूरावांच्या उसाच्या कडेनं आपल्या मळ्यात जायची. एका साली बाबूरावांनी काट्या टाकून ती वाट बंद केली. वांगी तोडायला आलेली, आणि गाडी आत जाईना. आत्यानं इंदापूरला मामलेदारांकडं अर्ज केला आणि मला बारामतीहून साक्षीला बोलावलं.

मामलेदारांनी विचारलं, "तुम्ही या वाटेनं गेलात का?"

"व्हय, गेलो," मी म्हणालो. कारकुनानं तसंच लिहिलं.

बाबूराव लगेच म्हणाले, "सायेब, गेला आसंल एकदा. मी कुठं न्हाय म्हनतो? पाव्हणा म्हणून मीच जाऊ दिला."

मामलेदारांनी मान डोलावली. तेवढ्यात आत्या पुढं आली.

"सायेब, 'गेलो' न्हाय, 'जायचो' आसं लिवा. ल्हानपणापास्नं दर सुट्टीला गाडीत बसून जायचा ह्यो. एकदा गेल्यानं चाकोरी पडत न्हाय, आन् तितं पडलीया."

"चाकोरी आहे?" मामलेदारांनी बाबूरावांना विचारलं.

बाबूराव खाली बघत म्हणाले, "हाय."

कारकुनानं 'गेलो' खोडून 'जायचो' लिहिलं, आणि वाट मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बाबूराव स्वतःच काट्या काढायला आले. मला म्हणाले, "कारकुनाच्या जागी तुझ्या आत्यालाच बसवाय पायजे."

आत्या नुसती हसली. अर्जावर तिनं अंगठा उठवला होता.