शनिवारचा चुना

मंडळी, ऐका! पेटीवाले, जरा हळू, प्रश्न नाजूक आहे. देवाला धरून चालणाऱ्या माणसाच्याच वाट्याला एवढं दुःख का? लबाड माणूस मजेत असतो — मागच्या रांगेतले हसू नका, तुमचं नाव घेतलेलं नाही — आणि सरळ माणूस रडतो. का?

आपली एस्तेरबाई सुईण. इथल्या निम्म्या मंडळींची नाळ तिनंच कापली, माझ्या दोन्ही पोरांचीसुद्धा. जानेवारीत तिची लेक सलोमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला पंधरवडा होता, म्हणून नदीपलीकडून बोलावणं आल्यावर बाई गेली. तिकडची बाळंतीण सुखरूप सुटली. इकडे सलोमी अवेळी अडली. आई परतली तेव्हा लेकही गेली होती आणि बाळही.

आता माझी करणी ऐका. उद्या ईस्टर. पहाटे आपण कबरस्तानात जमणार, म्हणून आज शनिवारी ज्यानं त्यानं आपल्या माणसाची कबर चुन्यानं रंगवायची, ही आपली रीत. सकाळी एस्तेरबाई एकटीच रंगवत होती. मी गेलो — मोठा शहाणा मी! — आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "बाई, देव उगीच मारत नाही. मनात काही पाप राहिलं असेल, तर कबूल करून टाका."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कुंचला बादलीत ठेवला.

"बुवा, ती का गेली ते सगळेच सांगून जातात. कुणी शिक्षा म्हणतं, कुणी परीक्षा म्हणतं. पण माझ्या लेकीचं नाव कुणी घेत नाही. मला ते 'का' नको, बुवा. मला ती हवी. फाटकातूनच 'आई' म्हणून हाक मारायची."

मी तिच्याशेजारी मातीत बसलो. मंडळी, वधस्तंभावर कोण होता? निष्पाप होता ना? त्यानंही बापाला विचारलं, मला का सोडलंस? वरून उत्तर आलं? नाही! शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. रविवारी तो कबरेतून उठणार हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आईला कुठं ठाऊक होतं? तिनं तो शनिवार कसा काढला असेल हो?

कुंचला एकच होता. मी हातानंच चुना लावायला लागलो. हा बघा हात, अजून चुरचुरतोय. काम संपेपर्यंत ती सलोमीबद्दल बोलत होती आणि मी फक्त ऐकत होतो.

सलोमी का गेली, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण ज्यानं स्वतः 'का' विचारलं, तो प्रभू तिच्याजवळ त्या मातीत बसला होता, हे मी शपथेवर सांगतो. आपण कुठं होतो?

एस्तेरबाई तिथं खांबाजवळ बसली आहे. तिला विचारूनच मी हे सांगितलं. उद्या पहाटे तिच्याकडे उत्तरं घेऊन जाऊ नका. नुसते शेजारी उभे राहा आणि तिच्या लेकीचं नाव घ्या. उद्या कशाला, आत्ताच घ्या. टाळ ठेवा खाली. म्हणा माझ्याबरोबर, मंडळी — सलोमी.