हवेनं जायचं कुठून?

...नाही, राग येणार नाही तर काय येईल? तुम्हाला सांगतो, आईचे गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, म्हणून जुनं बाथरूम फोडलं, कमोड समोरच्या भिंतीला घेतला, सांडपाण्याच्या पाइपाला उतार काढला, सगळं माझ्या हातानं कागदावर आखलं... आणि प्लंबर म्हणतो, हवेचा पाइप कुठाय? म्हटलं, पाणी खाली जातंय, हवेचं काय काम? तर म्हणे, पाणी सुटलं की मागून हवा लागते, नाहीतर बेसिनखालच्या वाकड्या पाइपात वास अडवायला जे पाणी थांबतं ना, तेही ओढून नेईल. पाइप गच्चीच्या वर काढा. काढतो की! पण वरच्या मजल्यावर राहतो कोण? आमचा दादा! माझा सख्खा थोरला भाऊ, ज्याच्याशी जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून माझं बोलणं बंद. वहिनींनी खिडकीतूनच सुनावलं, "आमच्या खिडकीसमोरून तुमचा पाइप जाणार नाही." अहो, मग हवेनं जायचं कुठून?

माझं डोकं फिरलं. प्लंबर नको नको म्हणत असताना मी पाइप बरोब्बर त्यांच्या खिडकीखाली तोडायला लावला. घ्या म्हटलं वास! दुसऱ्या दिवशी बघतो तर दादानं वरून वाकून पाइपाला बूच मारलेलं. लाकडी! वर फडकं आवळून बांधलेलं! इकडे मी फ्लश ओढला, तर बेसिननं घशातून असा काही आवाज काढला... गुर्र्र... गुडुक... आणि जो वास सुटला म्हणता! बायको नाक दाबून विचारते, "कागदावर आखलं होतं ना?" आता हिला काय सांगू, हवेनं जायचं कुठून?

आई कठडा धरून, कण्हत कण्हत जिना चढायला लागली, दादाच्या कमोडकडे. ज्या गुडघ्यांसाठी मी भिंत फोडली, त्याच गुडघ्यांनी! वरून दादा धावत आला, खालून मी. लाज वाटली हो, खरंच. आई म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा सावकाश. मला आधी जाऊ द्या, घाई आहे."

दादानं संध्याकाळी मुकाट्यानं बूच काढलं. पाइप गच्चीच्या वर गेला, दादा स्वतः धरून उभा होता. आता खाली ना आवाज, ना वास, कमोड नुसता चकाचक. आईला आणायला वर गेलो, म्हटलं, चल, सगळं तुझ्यासाठी केलंय. ती खिडकीत पाय पसरून बसलेली. म्हणते, "राहू दे रे, इथे वर हवा छान येते."