बारा तास आधी

विमानाले किती आधी जाऊन बसाचं, हे मले नका विचारू बाई. मी बारा तास आधी पोचली होती.

माही धाकटी बहीण मुंबईले सवाष्ण मेली. सवाष्णीच्या अंगावर शेवटी माहेरचं लुगडं पडाले पाहिजे, अन् माहेरची मी एकटीच उरली होती. भाचा फोनवर म्हणे, "मावशी, उद्या दुपारपर्यंत थांबतो. तिकीट काढून ठेवलं, सकाळच्या विमानानं ये." हिरवं लुगडं घेतलं अन् कुरखेड्याहून तशीच नागपूरले गेली. विमान सहाचं, मी संध्याकाळीच विमानतळाच्या दारापाशी बसली. एसटीचा कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडते, तसा इथीबी कोणी "मुंबई, मुंबई" ओरडंन, म्हणून कान लावून बसली.

सकाळी साडेसहाले दारावरच्या शिपायाले विचारलं, "भाऊ, मुंबईचं अजून काऊन लागलं नाई?"

"ते तं गेलं बाई! इतक्या उशिरा काऊन आल्या?"

"उशिरा? काल संध्याकाळपासून इथीच बसली आहो!"

"मंग आत काऊन नाई गेल्या?"

"कोणी बोलावलं काय मले?"

तिकडं बहिणीले शेजारणीच्या लुगड्यात नेलं. हिरवं लुगडं माह्या पेटीतच आहे. माह्यासाठी माहेराहून आणणारं आता कोणीच नाई, म्हणून सुनेले सांगून ठेवलं, मले तेच घालजो.