हमीद होडेकर यांच्या खिशातले कार्ड

जबाब

दिनांक १६ मे २०२३, दुपारी २.१५ वाजता, लोणावळा

नाव : अरफा नवाज शेख
वय : ४४ वर्षे
काम : भाड्याच्या बंगल्याची देखभाल
राहणार : कान्हे, रेल्वे स्टेशनजवळ, ता. मावळ, जि. पुणे
मूळ राहणार : मिरकरवाडा, रत्नागिरी

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती नवाज व वडील हमीद इब्राहिम होडेकर, वय ७६, असे तिघे राहतो. पती तळेगावला कारखान्यात कामाला आहेत. मी तुंगार्लीत पर्यटकांना भाड्याने देण्याचा एक बंगला सांभाळते. वडील रत्नागिरीत मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आठ वर्षांपूर्वी आई बिस्मिल्ला वारली. त्यानंतर मी वडिलांना कान्ह्याला आणले. मिरकरवाड्याचे घर तेव्हाच विकले. कान्ह्याचा फ्लॅट त्यातून झाला.

दोन वर्षांपासून वडिलांच्या लक्षात राहत नाही. जेवल्याचे विसरतात. मला कधी कधी आईच्या नावाने हाक मारतात. रोज संध्याकाळी चपला घालून दारात उभे राहतात आणि म्हणतात, "चल, घरी जाऊ." म्हणून कान्ह्याचा पत्ता व माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी मी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवते.

दि. १० ते १२ मे या काळात मी वडिलांना रत्नागिरीला नेले होते. एकदा डोळ्यांनी बघितले की मन शांत होईल असे वाटले. तिथे आता आमचे कोणी नाही, म्हणून हॉटेलात उतरलो. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये "कोठून आलात" या रकान्यात मी लोणावळा लिहिले. "येण्याचे कारण" या रकान्यात पर्यटन लिहिले. दुसरे काय लिहावे ते सुचले नाही.

आमच्या बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी बंगल्याचे कार्ड देते आणि सांगते की रस्ता चुकलात तर हे कुणालाही दाखवा. त्याच सवयीने मी काउंटरवरचे हॉटेलचे कार्ड उचलून वडिलांच्या खिशात घातले आणि कान्ह्याची चिठ्ठी काढून माझ्या पर्समध्ये ठेवली. मी त्यांना म्हणाले, "अब्बा, कुणी विचारलं तर हे दाखवायचं. आपण इथं राहतो." त्यांनी कार्ड लांब धरून वाचले. म्हणाले, "इथं? कधीपासून?"

दि. ११ मे रोजी दुपारी तीन वाजता आम्ही रिक्षा केली. रिक्षावर "रत्नागिरी दर्शन, चार तास" असे लिहिले होते. रिक्षावाला बोलका होता. त्याने वडिलांना विचारले, "आजोबा, पहिल्यांदाच काय रत्नागिरीला?" वडील हसून म्हणाले, "व्हय, पहिल्यांदाच. माणसं बरी दिसतात हो इथली." ते थट्टा करत होते की त्यांना खरेच तसे वाटत होते, हे मला तेव्हा कळले नाही. आताही सांगता येणार नाही. पुढे तो दीपगृहाची माहिती सांगू लागला तेव्हा वडील म्हणाले, "गप रे. तुझा बाप रांगत होता तेव्हा मी ह्या दिव्यावर बोट घरी आणलीय." रिक्षावाला म्हणाला, "मग तुम्हीच दाखवा रत्नागिरी, मी मागं बसतो." वडील बराच वेळ हसत होते.

थिबा पॅलेस, किल्ला, दीपगृह, भाट्याचा किनारा असे सर्व पाहिले. माझा जन्म रत्नागिरीचा, पण दीपगृहावर मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. वडील खाली रिक्षात होते. वर एका बाईने मला मिरकरवाड्याकडे बोट दाखवून विचारले, "ती कुठली वस्ती हो?" मी म्हणाले, "माहीत नाही. मीपण फिरायलाच आलेय."

येथे हवालदार महिपती साहेबांनी विचारले की, "ताई, ह्याचा आजोबा हरवण्याशी काय संबंध?" मी म्हणाले, "आहे. लिहून घ्या."

परतताना रिक्षा मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून गेली. वडील म्हणाले, "थांब रे, माझं घर आलं." रिक्षा थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो व कान्ह्याला आलो.

घरी आल्यावर मी त्यांचा शर्ट धुतला. धुताना खिशातले कार्ड बाहेर काढले. शर्ट सुकल्यावर तेच कार्ड परत खिशात घातले. चिठ्ठी घालायची होती. हात सवयीने चालला. चिठ्ठी आजही माझ्या पर्समध्येच होती. ती मी हजर केली आहे.

आज पतीची पहिली पाळी असल्याने मी वडिलांना सोबत घेऊन सात वाजता बंगल्यावर आले. त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली. साडेआठला पाहुण्यांचे पोहे देऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती. फाटक उघडे होते. मी तुंगार्ली, बाजार, बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन पाहिले. पतींना बोलावून घेतले. साडेबाराला ठाण्यात आले.

हवालदार साहेबांनी विचारले, "अंगावर नाव-पत्ता काही?" तेव्हा मला कार्ड आठवले. मी ठाण्यातूनच हॉटेलला फोन केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हो मॅडम, पावणेअकराला फोन आला होता. लोणावळ्याच्या हायवेवरच्या आंब्याच्या स्टॉलवरून. एका आजोबांकडे तुमचं कार्ड आहे म्हणाले. मी सांगितलं, ते शुक्रवारीच गेले. तर ते म्हणाले, आजोबा तर रत्नागिरीचेच म्हणतायत, रडकुंडीला आलेत. आमचा टेम्पो पेट्या उतरवून परत रत्नागिरीला निघालाय, बसवून देतो, आजोबांची काळजी करू नका. मी म्हटलं बरं." मी त्याला विचारले, बरं का म्हणालास? तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं ते घरी चाललेत."

हॉटेलच्या फोनवर नंबर दिसत नाही. टेम्पोचा नंबर माहीत नाही. पती हायवेवरचा एकेक स्टॉल विचारत चालले आहेत. आतापर्यंत सव्वीस झाले. टेम्पो सायंकाळी सात-आठपर्यंत रत्नागिरीत पोचेल असा अंदाज आहे. मी इथून लगेच निघाले तरी मध्यरात्रीपूर्वी पोचत नाही. हॉटेलवर माणूस ठेवावा असे रत्नागिरी पोलिसांना कळवल्याचे मला सांगण्यात आले.

वडिलांचे वर्णन : उंची साधारण साडेपाच फूट, रंग सावळा, पांढरी दाढी. अंगात बारीक निळ्या चौकड्यांचा शर्ट, राखाडी पँट, रबरी चप्पल. उजव्या तळहातावर दोराने कापल्याची जुनी आडवी खूण. जवळ मोबाइल नाही. सोबत दिलेला फोटो ११ मे रोजी भाट्याच्या किनाऱ्यावर काढला आहे. त्यात डोक्यावर पर्यटकांची गवती टोपी आहे. ती मी घेतली होती. ते एरवी टोपी घालत नाहीत.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "रिक्षा थांबली नाही" असे आहे. ते मीच तसे सांगितले होते, पण ते बरोबर नाही. दुरुस्ती अशी की, रिक्षा थांबली होती. वडिलांचा एक पाय खाली होता. मी दंडाला धरून त्यांना आत ओढले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला पुढे." गल्लीत कुणी ओळखले असते, घर का विकले असे विचारले असते, म्हणून. वडिलांना मी सांगितले की उद्या येऊ.

तरी विनंती की, माणूस हॉटेलवर ठेवू नये. टेम्पोवाल्याने हॉटेलशी सोडले तरी ते तिथे थांबणार नाहीत. त्यांना रस्ता माहीत आहे. जेट्टीवरून आत तिसरी गल्ली, डावीकडचे शेवटचे घर. दार निळे होते. आता त्या घरात कोण राहते ते मला माहीत नाही. जो कोणी राहत असेल त्याला एवढेच कळवावे की, आज संध्याकाळी एक म्हातारा माणूस दार वाजवील आणि बिस्मिल्लाला हाक मारील. त्याला घरात घ्यावे. मी येईपर्यंत बाहेर सोडू नये, समोर पाणी आहे.

ही दुरुस्ती धरून सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे व तो खरा आहे.

सही : अरफा नवाज शेख
वेळ : दुपारी ३.१०