कार्डावर नसलेल्या दहा बाटल्या

— न्हाय न्हाय म्याडम, बरोबरच हाय तुमचं, चूक कोण म्हणतंय? ज्याची मुदत आधी संपती ती बाटली पुढं, मागनं संपती ती मागं — आमच्या आरोग्य केंद्रातली ही फळी बघा, तसंच लावलंय. खोकी भुईला टेकवायची न्हाईत, भिंतीला खेटवायची न्हाईत — ते बी केलंय. सलाईन घ्या, जलसंजीवनी घ्या, कुठलंबी साठ्याचं कार्ड काढा आन् माल मोजा. एक पाकीट कमी निघालं तर हिंदुराव नाव सांगणार न्हाय. आता तुमी तपासणीला आणलेल्या पुस्तकात लिवलंय, अडीनडीला थोडा माल राखून ठेवावा आन् तो कार्डावर दिसावा. राखून ठेवायची रीत आमच्यात जुनीच हाय — फकस्त दिसायचा न्हाय. का? आवो, कार्डावर दहा दिसले की तालुक्यास्नं फोन — तुमच्याकडं दहा हायेत, सहा तिकडं पाठवा, तिकडं साहेबांचा दौरा हाय. मग आपल्या दारात माणूस आलं की काय दाखवायचं, रिकामी फळी? म्हणून सापाच्या लसीच्या दहा बाटल्या मी रोग्यांना दिल्या असं लिवून टाकायचो. कार्डावर शून्य — आन् बाटल्या त्या लोखंडी कपाटात, बँडेजच्या गठ्ठ्यामागं. पावडरची लस, फ्रिज लागत न्हाय. किल्ली माझ्या करगोट्याला. हसा, हसा — खिशातली पडती, करगोट्याची पडत न्हाय.

चोरी? म्हणा चोरी. पण एक बाटली इकली असंल तर हात झडू देत. लासुर्ण्याचा गेणू त्यातनंच वाचला, मागल्या मालातल्या सापडल्या म्हणून डॉक्टरांच्या हातात दिल्या — अजून वाटंत सायकल थांबवून रामराम घालतो. खर्चल्या की नव्या मालातनं पुन्ना दहा करायच्या. डॉक्टर काय, आज हाय उद्या बदली, त्यांना कुठं सांगत बसायचं? सांगितलं ते फकस्त सारजाला — मंडळी माझी. जेवताना फुशारकी मारायचो — सारजे, मी हाय तवर हितनं सापाचा माणूस माघारी जायचा न्हाय. ती म्हणायची, आवं, पण तुमी नसला तर? मी म्हणायचो, मी जातोय कुठं?

— गेलो की. त्र्याण्णव साल, दिवाळी झाली आन् चार दिवसांनी. कार्डावर शून्य बघून नवीन डॉक्टर रोज मागं लागायचे — हिंदुराव, लस आणा, लस आणा. त्यांना खरंच वाटायचं लस न्हाय. शेवटी जायलाच लागलं पुण्याला, जिल्ह्याच्या भांडारात, केंद्राची जीप घिऊन. करगोट्याला किल्ली तशीच. हिकडं सकाळी धा वाजता सारजानं गोवऱ्या काढायला उडव्यात हात घातला आन् आतनं साप डसला. शेजारच्या दादासोनं सायकलवर बसवून हितं आणली — घर ते काय पलीकडं, पत्रा दिसतोय बघा. डॉक्टरांनी कार्ड काढलं. शून्य. त्यांची काय चूक? कार्डावर इश्वास ठेवायचा न्हाय तर कशावर ठेवायचा? दुधाच्या टेम्पोत घातली, बारामतीला. पोचली न्हाय.

मी पाचला आलो. वीस बाटल्या घिऊन — मागितल्या तेवढ्या सगळ्या मिळाल्या म्हणून खुशीत होतो म्याडम. घरला पाव किलो जिलबी बी घेतली होती.

हे कुणाला बोललो न्हाय, पण — रोहिणी सिस्टर होती तिच्याजवळ. महिन्यानं मला म्हणली, वैनी शुद्धीवर होत्या हो. पाणी मागितलं, पदर सारखा केला, म्हशीला वैरण टाका म्हणल्या दादासोला. डॉक्टर म्हणले लस न्हाय, तवापास्नं त्या कपाटाकडं बघत राहिल्या निस्त्या. मग पापण्या पडायला लागल्या. सिस्टरला वाटलं, नवऱ्याची बसायची जागा म्हणून बघत असतील.

म्हाईत होतं तिला. कुलूप फोडा — दोन शब्द. दगडानं फुटतंय ते कुलूप. का बोलली न्हाय? इसरली म्हणावं, तर बघत कशाला होती? माझी नोकरी जाईल म्हणून? चारचौघात नवरा चोर ठरंल म्हणून? का वाटलं, हे येतीलच आता? तीन वर्षं झाली, रोज सकाळी हितं येतो, त्या खुर्चीत बसतो, आन् हेच.

दहावं झाल्यावर कामावर आलो. कपाट उघडलं. दहाच्या दहा. कार्डावर चढवल्या — जमा, दहा. कुठनं आल्या ते लिवायचं असतं तिथं काय लिवू? कोरं सोडलं. एवढे साहेब तपासून सही करून गेले, कुणी इचारलं न्हाय. तुमीच आज बोट ठेवलंत — हिंदुराव, हे कोरं का?

तर आता लिवा म्याडम. शून्य लिवलं ते मी लिवलं, किल्ली मी नेली — सगळं लिवा, खाली मी सही करतो. फकस्त तिला म्हाईत होतं, एवढं लिवू नका. — उठा आता. खिडकीवर माणसं उभी हायेत.